चुलीला लागलेला 'जैसे थे'

त्या दुपारी आम्ही दोघं पडवीत बसून ओले काजू सोलत होतो. मी विळीवर बी उभी चिरून द्यायचो आणि ती काडीनं गर काढून परातीतल्या पाण्यात टाकायची. काजूचा चीक लागला की कातडी भाजते, म्हणून दोघांनी हाताला खोबरेल चोळलं होतं, वरून राख. या वयात हात पूर्वीसारखा बसत नाही. एक बी तिरकी गेली आणि गराचे तुकडे झाले.

"अवो, उसळ करायची हाय, चटणी नाय," ती म्हणाली.

"तुकडे मी खातो."

"म्हणूनच तुकडे होतात."

मी एक तोंडात टाकला. ती हसली, हसता हसता खोकला आला, आणि खोकला थांबेपर्यंत मी विळीवरचा हात थांबवला. मग पुन्हा सुरू. वर्षभर आमचं असंच चाललं होतं. ती खोकली की हातातलं काम थांबवायचं, ती थांबली की काम पुढे चालू करायचं. समोरच्या उतारावर माझा चुलत भाऊ दत्ताराम भाजावळ करत होता, त्याचा धूर वर जात होता. त्या दुपारी वेगळं काही नव्हतं. वेगळं काही असतं तर मी नीट बघितलं असतं.

आता पुन्हा भाजावळ आली आहे. सकाळी पडवीत उभा राहिलो की उतारा-उताराला धुराच्या रेघा दिसतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस यायच्या आधी ज्या तुकड्यात भाताची रोपं करायची, ती जमीन आम्ही भाजून घेतो. खाली शेण, त्यावर झाडांच्या तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, त्यावर गवत आणि वरून मातीचा हात. आग वाऱ्याच्या उलट अंगानं लावायची, म्हणजे ती भडकत नाही, आत आत बसून जळते. दिवसभर धुमसत राहते. त्या धुराला ऐनाच्या पाल्याचा, शेणाचा आणि तापलेल्या तांबड्या मातीचा मिळून एक वास असतो. मुंबईला गेलेली माणसं सांगतात की त्यांना घराची आठवण आली की हा वास येतो. मला तो घरात बसून येतो आणि घरातून उठून जावंसं वाटतं.

तिला तो आवडायचा. शेवंती नाव तिचं. लग्न होऊन आली ती याच दिवसांत. पहिल्याच संध्याकाळी मागच्या दारी उभी राहून उताराकडे बघत म्हणाली होती, "हा धूर बरा, वर जातोय." तेव्हा मला त्यात काही कळलं नव्हतं. स्वयंपाकघरात बाईमाणसं कशी बसतात हे पुरुषांनी बघितलेलं असतं, पण ते का तशी बसतात हे विचारलेलं नसतं. आमच्या घरात चुलीचा धूर कौलापर्यंत जातो, तिथं घुटमळतो आणि परत खाली येऊन माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर थांबतो. त्याच्याखाली वाकून राहिलं तर श्वास घेता येतो. ती पाटावर बसून, मान खाली घालून रांधायची. उठायचं झालं तर श्वास धरायची, फडताळातून काय हवं ते घ्यायची, परत खाली बसून श्वास सोडायची. जन्मभर पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसासारखी ती त्या खोलीत वावरली.

या वर्षी मी भाजावळ केली नाही. दत्तारामाला म्हटलं, माझा तुकडा तूच भाज. तो कवळाचे, म्हणजे तोडलेल्या फांद्यांचे, भारे माझ्या अंगणातून उचलून घेऊन गेला.

दत्तारामाचं आणि माझं घर एकमेकांना लागून. मध्ये जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा रचलेला गडगा आहे. हा गडगा कोणाच्या हद्दीत, यावरून त्याच्या वडलांनी आणि माझ्या वडलांनी रत्नागिरीच्या कोर्टात दावा लावला होता. कोर्टानं सांगितलं, निकाल होईपर्यंत 'जैसे थे'. म्हणजे आहे तसं ठेवायचं. कोणी चिरा लावायचा नाही, कोणी काढायचा नाही. पुढे एका पावसाळ्यात गडगा मधोमध बसला आणि चिरे दोन्ही अंगणांत लोळले. तरी जैसे थे. शेवंतीला लग्नानंतर त्या चिऱ्यांच्या किती ठेचा लागल्या. एकदा तिच्या अंगठ्याचं नख निघालं म्हणून माझ्या वडलांनी एक चिरा पायानं बाजूला सारला, तर पलीकडून चुलत्यांनी ओरडून सांगितलं, "कोर्टाचा अवमान केलास, उद्या वकिलाकडे जातो." आणि गेलेही. दोन्ही म्हातारे वारले. दत्ताराम आणि मी एका पंगतीला जेवतो, एकमेकांची गुरं बघतो, पण त्या चिऱ्यांना आम्ही दोघंही हात लावत नाही. ज्यानं हुकूम दिला त्यानंच तो उठवायचा असतो. आमच्याकडे हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक. शेवंतीला तो अंगठ्यानं ठाऊक झाला होता.

रेल्वे नवी नवी सुरू झाली त्या सुमाराला आमच्या गावात ऊर्जावाले आले. एका विद्यापीठाचं केंद्र होतं. अपारंपरिक ऊर्जा आणि ऊर्जा बचत असं काहीतरी लांबलचक नाव जीपवर लिहिलेलं. मी चौथीपर्यंत शिकलो. ते नाव वाचून होईपर्यंत जीप पुढे निघून जायची. त्यांनी शाळेच्या पटांगणात मेळावा भरवला. आरसा लावलेली पेटी ठेवली, तिच्यात उन्हावर भात शिजवून दाखवला. दत्ताराम म्हणाला, "आमचा सूर्य चार महिने ढगाआड असतो, तेवढे दिवस उपास करायचा काय?" सगळे हसले, सरही हसले. हे सर म्हणजे त्यांच्यातला तरुण माणूस, घाटावरचा, उन्हानं नाक सोललेला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याची आई असेल कुठेतरी.

सूर्यपेटीकडे बायका बघून गेल्या. थांबल्या त्या निर्धूर चुलीपाशी. मातीसिमेंटची चूल, मागे पाईप, पाईप कौलातून बाहेर. सरांनी तिथं काटक्या पेटवल्या आणि सगळ्यांना बाहेर नेऊन दाखवलं, धूर कसा वरच्या वर निघून जातोय. दत्तारामाची बायको, आमची वैनी, तिला 'निर्धूर' म्हणता येईना. ती म्हणाली, "सर, ही निष्ठूर चूल आमाला पायजे." त्या दिवसापासून गावात तिचं नाव निष्ठूर चूल पडलं. सर स्वतःसुद्धा तसंच म्हणायला लागले.

काही घरांना चूल मिळाली. दत्तारामाला मिळाली, आम्हाला नाही. सर आमच्या पडवीत बसून म्हणाले, "काकी, तुमचा नंबर पुढच्या टप्प्यात. आत्ता आम्हाला काही घरांत जुन्या चुलीचं माप घ्यायचंय. तुमच्या घरात घेऊ?"

ती म्हणाली, "घ्या की. माप घ्यायला काय पैसे पडतात?"

"एकच करायचं. अभ्यास होईपर्यंत चुलीत काही बदल करायचा नाही."

"जैसे थे," दत्ताराम गडग्यापलीकडून म्हणाला.

सरांनी विचारलं, म्हणजे काय. मग दत्तारामानं त्यांना गडग्याची सगळी गोष्ट सांगितली, चुलत्याच्या आवाजाची नक्कल करून. सर पोट धरून हसले. जाताना चुलीकडे बोट दाखवून म्हणाले, "काकी, मग हिलाही जैसे थे." ती गंभीरपणे मान हलवून हो म्हणाली. मी तिथंच होतो.

त्या भाजावळीत आणि पुढच्या भाजावळीत सर आमच्याकडे येत राहिले. ते एक छोटं यंत्र आणायचे. पेटीसारखं, कमरेला बांधायचं. त्यातून एक नळी निघायची, ती तिच्या खांद्यापाशी पदराला चिमटा लावून अडकवायचे. यंत्र घुंगुरड्यासारखं गुणगुणायचं. ती त्याच्यासकट भाकऱ्या थापायची, पेज ढवळायची, मासळी तळायची. वैनी खिडकीतून विचारायची, "काय गो, घड्याळ बांधलंन की काय कमरेला?" शेवंती सांगायची, "माझा श्वास मोजतायत. तुझा कोणी मोजतोय?" तिला त्याचा अभिमान होता. मी उगाच नाकारणार नाही. एक शिकलेला माणूस लांबून येऊन आपला श्वास मोजतोय, हे तिला मोठं वाटायचं.

एकदा तिला ताप होता. वैनी म्हणाली, माझ्या चुलीवर रांध आज, तिथं धूर नाय. शेवंती म्हणाली, "आज यंत्र लावलेलं हाय. मी तिथं रांधलं तर माप चुकेल. सरांनी विश्वासानं लावलंन." आणि ती आपल्याच चुलीपुढे बसली.

संध्याकाळी सर यंत्र उघडायचे. आत एक गोल पांढरा कागद असायचा, रुपयापेक्षा मोठा. तो निघताना काळा निघायचा. सर तो चिमट्यानं उचलायचे. बोट लागू नये, वारा लागू नये, म्हणून श्वाससुद्धा धरायचे, आणि डबीत ठेवून झाकण लावायचे. "बघितलंत काकी? सकाळी कापसासारखा होता."

"माझ्या तव्यापेक्षा काळा झालाय," ती म्हणायची. "टाकून द्या की."

"टाकून कसा देऊ? हे सोनं आहे."

हे वाक्य मला त्या वेळी गोड वाटलं होतं. आता मी त्याचा विचार करतो. तेवढाच काळा थर तिच्या छातीत बसत होता. तो काढायला कोणी चिमटा आणला नाही. कागद डबीत घालून जीपमधून गेले आणि ती इथं राहिली.

ते आमच्याकडे जेवायचे. ती त्यांना काजूच्या दिवसांत काजूची उसळ, नाहीतर कुळथाचं पिठलं आणि भात वाढायची. आम्हाला मूल नाही, म्हणून तिनं त्यांना पोटाशी धरलं, असं लोक बोलले. मला ते पटत नाही. वैनीला तीन पोरं, तीही त्यांना तसंच वाढायची. ते जेवताना तोंडभरून बोलायचे, त्यांना आमच्याकडचं तिखट लागायचं आणि ते पाणी पीत पीत खायचे. माणूस वाईट होता असं म्हणायला मला काही मिळत नाही. मिळालं असतं तर बरं झालं असतं.

एकदा त्यांनी गावातल्या बायकांना जीपमधून केंद्र बघायला नेलं. मीही मागच्या बाकड्यावर बसून गेलो. तिथं एक नमुन्याचं स्वयंपाकघर होतं. चूल, पाईप, भिंतीला पांढरा चुना, मांडणीवर भांडी. बाकीच्या बायका पवनचक्की बघायला पुढे गेल्या. शेवंती मागे राहिली. तिनं चुलीमागच्या भिंतीवर तळहात घासला आणि उलटा करून बघितला. मग मला दाखवला. हात जसा होता तसा होता. तिला कोणी सांगितलं नव्हतं की त्या चुलीवर कधी काही शिजत नाही. मलाही त्या दिवशी सुचलं नाही. ती परत येताना जीपमध्ये हात मांडीवर उलटा ठेवून बसली होती.

दर खेपेला ती विचारायची, "सर, आमची कधी?"

"पुढच्या टप्प्यात काकी."

हे 'पुढच्या टप्प्यात' मी इतक्यांदा ऐकलं की मला ते एखाद्या गावाचं नाव वाटायला लागलं, हातखंब्याच्या पुढे कुठेतरी असलेलं, जिथं एसटी जात नाही.

सर शेवटचे आले ते पेढे घेऊन. त्यांना मोठी पदवी मिळाली होती. शेवंतीच्या पाया पडले. म्हणाले, "काकी, हे तुमच्यामुळे झालं. तुमच्या घरच्या मापांवर माझा सगळा अभ्यास उभा आहे." तिनं डोळे पुसले. मग विचारलंच, "आणि आमची चूल?"

"येतो की. पावसाळा संपू दे, येतो."

"तोवर?"

ते जीपमध्ये चढत होते. हसून म्हणाले, "तोवर जैसे थे."

मी या तीन शब्दांवर पुष्कळ विचार केला आहे. ती थट्टा होती, हे मला कळतं. तो माणूस निघण्याच्या गडबडीत होता, तोंडात एक गमतीचा शब्द होता, तो त्यानं टाकला. पण गडग्याची गोष्ट त्यानं आमच्या पडवीत बसून ऐकली होती. आमच्याकडे या शब्दाचं वजन काय, हे ज्यांना सांगितलं होतं त्यांतला तो एक होता. घाटावरच्या दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी त्याला सोडून दिलं असतं.

पावसाळा संपला. ते आले नाहीत. दुसरा संपला. दिवाळीआधी दरवर्षी ती चूल उकलून नव्या मातीनं नीट करायची. जैसे थे लागल्यापासून ते बंद झालं होतं. फक्त वरून शेणानं सारवायची, कारण तेवढी परवानगी तिनं सरांकडून पूर्वी मागून घेतली होती. चुलीच्या मागचा दगड कलला. तोंडाशी भेग पडली. आग आत राहीना, धूर पुढूनच यायला लागला, पूर्वीपेक्षा जास्त. मी म्हटलं, "मातीचा एक गोळा थापला की काम होईल."

"तो बदल झाला."

"बघायला कोण येणार हाय?"

"ते आले नि विचारलंन तर?"

पालीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, चुलीपुढे बसणं बंद करा, फुप्फुसं खराब झालीत. मी म्हटलं, पालीहून गवंडी आणतो, दत्तारामासारखी चूल घालून घेऊ. नाहीतर गॅस आणू. ती ऐकेना. त्या दिवशी आमचं भांडण झालं, तेही बाजारात, एसटी थांब्यावर.

"कोणाचा हुकूम? तो काय जज हाय?" मी म्हटलं.

"त्यानं सांगितलंन, मी हो म्हटलं. शब्द माझा गेलाय त्यात."

"नि माझ्या शब्दाला काय किंमत?"

"तुमचा शब्द घरातला," ती म्हणाली. "घरातला कुठं जातोय."

हे ती प्रेमानं बोलली की टाळण्यासाठी, मला आजही सांगता येत नाही. जन्मभर मी तिच्या सोबत जेवलो, झोपलो, माझ्या वडलांच्या दाव्याचे चिरे तिनं पायानं सोसले, आणि दोन भाजावळी येऊन जेवून गेलेल्या माणसाचा शब्द माझ्या शब्दाच्या वर बसला. मला त्या माणसाचा राग येतो, पण त्या रागात थोडा हाही राग मिसळलेला आहे. लिहायला बसलोय तर लिहून टाकतो.

थांब्यासमोरच एसटीडीचं दुकान होतं. सरांनी दिलेला केंद्राचा नंबर माझ्या टोपीत होता. तिला बाकड्यावर पिशवीजवळ बसवलं आणि मी आत गेलो. कोणा माणसानं फोन उचलला. मी सरांचं नाव सांगितलं.

"ते आता इथं नसतात. केव्हाच गेले."

"कुठं?"

"बाहेर. परदेशात. काय काम होतं?"

मी गावाचं नाव सांगितलं, चुलीचं सांगितलं, पुढच्या टप्प्याचं सांगितलं.

"थांबा काका, कुठलं घर म्हणालात?" तो कोणाशी तरी बोलला, मग परत आला. "तुमचं घर तुलनेत होतं. तुलनेतल्या घरांना चूल द्यायची नव्हती."

"नव्हती म्हणजे? कधी द्यायची होती?"

"द्यायचीच नव्हती काका. काही घरं जुन्या चुलीची ठेवावी लागतात. नाहीतर नव्या चुलीची तुलना कशाशी करणार? तो प्रकल्पही संपला आता. तुम्हाला सांगितलं नव्हतं का कोणी?"

मी म्हटलं, "आम्हाला जैसे थे सांगितलेला आहे. तो कोणी उठवायचा?"

"काय?"

"जैसे थे. तुम्ही उठवता का? मी बायकोला फोन देतो, तिला तुम्ही सांगा की उठवला."

तो माणूस हसला. वाईट हसला नाही, समजलं नाही म्हणून हसला. "काका, तुम्ही काय हवं ते करा चुलीचं. आमचा काही संबंध नाही." आणि फोन ठेवला.

मी बाहेर आलो. ती पदरानं तोंड झाकून बसली होती, समोर भजीवाल्याचा स्टो होता. "काय म्हणाले?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. तुलना हा शब्दही सांगितला.  एसटी आली, आम्ही चढलो, जागा मिळाली. गाव जवळ आल्यावर ती बोलली, "तो फोनवरचा माणूस कोण?"

"केंद्रातला कोणतरी."

"मग त्याला काय ठाऊक? तो कधी आपल्याकडं जेवलाय काय? हुकूम त्यानं नाय दिलान. सर येऊन सांगतील तेव्हा बघू."

तिला कळलं नव्हतं, असं मला वाटत नाही. ती मूर्ख नव्हती. जिनं दोन भाजावळी धुरात बसून, ताप असताना, माप चुकू नये म्हणून शेजारच्या चुलीकडे बघितलं नाही, तिला फोनवरच्या एका माणसानं सांगायचं की ते सगळं तिला चूल न देण्यासाठीच होतं, हे तिला घेता येण्यासारखं नव्हतं. म्हणून तिनं ते घेतलं नाही. चूल तशीच ठेवली. तिच्या बाजूनं करार चालू होता.

सरांनी तिला मारलं, असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, हा लहानपणापासूनचा धूर आहे, आईच्या घरचा, सासरचा, सगळा मिळून. मला ते मान्य आहे. पण शेवटच्या वर्षांतला धूर तिनं कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतला, आणि सांगणाऱ्याला तो परत घ्यायची आठवण राहिली नाही. एवढंच मला म्हणायचं आहे. कोणी शिकलेला माणूस हे वाचत असेल तर त्यानं त्याला हवं ते नाव द्यावं.

त्या दुपारी काजू सोलून झाले तेव्हा उन्हं पडवीवरून उतरली होती. ती परात घेऊन आत गेली. मी विळी पुसून ठेवली, टरफलं गोळा केली. आतून फुंकणीचा आवाज येत होता, मधे खोकला, पुन्हा फुंकणी. मग ती बाहेर आली आणि खांबाला टेकून बसली. "वाईच पाणी द्या," म्हणाली. मी पाणी आणलं, तोवर तिचे ओठ निळे झाले होते. दत्ताराम उतारावरून धावत आला, काळ्या हातांनीच. रत्नागिरीला न्यायला त्याच्या पोराच्या टेंपोत तिला घातलं. माझ्या मांडीवर डोकं होतं. हातखंब्याच्या नाक्यावर ट्रक आडवे होते, टेंपो थांबला, आणि तिथंच ती गेली. पोरगा हॉर्न वाजवत होता. मी त्याला सांगितलं, आता वाजवू नको.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी बघितलं, कागद दिला, आम्ही तिला परत घेऊन आलो. नातेवाईक मुंबईहून निघाले होते, म्हणून सकाळपर्यंत थांबलो.

सकाळी अंगण माणसांनी भरलं. बायका आत होत्या. तिरडी बांधून झाली. माझ्या चुलतमावशीनं नवं मडकं आणलं, त्यात विस्तव घालून पुढे न्यायचा असतो, आणि मुलगा नाही तर ते मीच धरायचं होतं. मडकं घेऊन वैनी आत चुलीपाशी गेली. राख बाजूला केली. कालची लाकडं आत अजून धुमसत होती. शेवंतीनंच लावलेली. वैनी रडायला लागली. "हिचा विस्तव अजून हाय हो भावजी," म्हणाली, आणि चिमट्यानं निखारा उचलला.

मी म्हटलं, "तो नको."

सगळे बघायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "विस्तव घरातलाच लागतो बाबा. चुलीतलाच लागतो. रीत हाय."

"ह्या चुलीतला तिला लावायचा नाय."

"मग कुठला लावणार?"

मी वैनीच्या हातातून रिकामं मडकं घेतलं आणि बाहेर अंगणात आलो. गोठ्यामागून शेणी आणल्या, तुळशीपासून लांब, मोकळ्यावर रचल्या. काड्यापेटी मागितली. पहिली काडी वाऱ्यानं विझली. दत्ताराम येऊन वाऱ्याच्या बाजूला उभा राहिला.  दुसरी काडी धरली. शेणींनी आग घ्यायला वेळ लावला, मला गुडघे टेकून फुंकावं लागलं. मला फुंकायची सवय नव्हती. धूर सरळ डोळ्यांत आला, घशात आला, मी खोकलो, आणि लोकांनी मला उठवायला हात पुढे केले. मी उठलो नाही. विस्तव नीट लाल होईपर्यंत फुंकत राहिलो, मग मडक्यात भरला, मडकं दोरीनं धरलं आणि तिच्या पुढे चालायला लागलो.